चिरा एवढा टणक, मग वास्कोतली दरड सुटते कशी?

वास्को : पावसाने जोर धरला की मुरगावच्या टेकड्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची झोप उडते. ज्या जांभ्याचे चिरे लावून आपण निर्धास्तपणे घर बांधतो, तोच जांभा डोंगरावर दगा देतो. कारण त्याच्या जन्मातच आहे.

जांभा म्हणजे मूळ खडक झिजून मागे उरलेला गाळसाळ. पावसाचे पाणी हवेतला आणि कुजक्या पाल्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हे पाणी लाखो वर्षे मुरत राहिले आणि खडकातले सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेऊन गेले. सिलिकाही बरीचशी गेली. लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे राहिले. लोह गंजले, म्हणून दगड तांबडा. डिचोलीच्या खाणींची गोष्टही याच वळणाची. तिथल्या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकातली सिलिका धुपून गेली आणि लोहखनिज उरले.

हे झाले रासायनिक काम. हिमालयात भेगेतले पाणी गोठून खडक फुटतो, तसे इथे होत नाही. बर्फच कुठे आहे? इथे ते काम खारा वारा करतो. खारे पाणी जांभ्याच्या छिद्रांत शिरते, सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटतो. वड-पिंपळाची मुळे भेगा रुंदावतात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बासिलिकेचा गिलावा 1950च्या दशकात काढला. तेव्हापासून उघडा पडलेला तिथला जांभा पाऊस खातोय.

पण खरा धोका जांभ्याच्या खाली. कोकणात ज्याला सडा म्हणतात (मुरगावच्या टोकावरच्या वस्तीचे नावही तेच) त्याचे वरचे कवच कडक असते, त्याखाली मात्र पांढरट-पिवळी चिकणमाती. भेगांतून उतरलेले पाणी तिथे साचते, माती जड होऊन सरकते. कवच अधांतरी राहते आणि भलामोठा तुकडा सुटतो. दर्याच्या बाजूने लाटा पाया पोखरतात, वस्तीच्या बाजूने घरासाठी उतार उभा कापला जातो. दोन्हीकडून आधारच जातो.

झाड कलू लागले, जमिनीला किंवा भिंतीला नवी चीर गेली, नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी आले, तर रात्र असली तरी घराबाहेर पडावे आणि 112 वर कळवावे.