पगारी विद्यार्थी
शाळेच्या प्रयोगशाळेतील रोहित्र तुम्ही पाहिले असेल. वेटोळ्यांचे गुणोत्तर मांडले, की व्होल्टेजचे उत्तर निघते. कारखान्यातील रोहित्र मात्र तापते. प्रवाह दुप्पट झाला, की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. ती बाहेर कशी काढायची? तारेवरचे विद्युत्‌रोधक आवरण किती वर्षे टिकेल? हे शिकायला कारखान्यातच जावे लागते.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली २७ विद्यार्थ्यांना घेऊन एक योजना सुरू केली: काही काळ वर्गात अभ्यास, काही काळ कारखान्यात पगारी काम. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्युत् अभियांत्रिकी विभागाने १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या साहाय्याने अशीच योजना आखली व ती पदव्युत्तर पदवीपर्यंत नेली. प्राध्यापक विल्यम टिंबी यांनी ती वाढवली.

तिची खरी खुबी प्रबंधात आहे. प्रबंधाचा विषय कंपनीच्या चालू कामातून निघतो. मार्गदर्शक दोन: एक प्राध्यापक, दुसरा कंपनीतील अभियंता. पहिला विचारणार, ‘असे का घडते?’ दुसरा विचारणार, ‘हे कधी चालू होईल?’ दोघांचेही समाधान करणे सोपे नव्हे!

पगारामुळे शिक्षणाच्या खर्चाला हातभार लागतो. परंतु पगारी विद्यार्थी म्हणजे स्वस्तातला कामगार, असे एखाद्या कंपनीला वाटू शकते. म्हणून कोणते काम द्यायचे, यावर प्राध्यापकांची नजर हवी. नुसती मीटरची नोंद करीत सहा महिने घालवले, तर त्यातून प्रबंध निघणार नाही.