चाकांवरचे घर, शाळेचा पत्ता

अमेरिकेत राहते घर विकून कॅम्परमध्ये कायमचा मुक्काम हलवणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करताना मला दिसले, की मुलांना गाडीतच शिकवायचे ठरल्यावर पहिला प्रश्न पुस्तकांचा नसतो, पत्त्याचा असतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. तो विषय राज्यांकडे असल्याने गृहशिक्षणाचे नियम राज्यागणिक बदलतात. फिरत्या कुटुंबाला कायदेशीर निवासासाठी एक राज्य निवडावे लागते. वाहन परवाना, मतदान यांच्याबरोबर मुलांच्या शिक्षणाचा कायदाही सहसा तिथलाच लागतो. दुसऱ्या राज्यात मुक्काम लांबला, तर मात्र तिथला कायदा लागू होऊ शकतो.

टेक्सासमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1994च्या निकालानुसार घरची शाळा ही खासगी शाळाच ठरते. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र मनापासून शिकवले की पुरे. सरकारी परीक्षा नाही. फ्लॉरिडात सुरुवातीच्या 30 दिवसांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे लागते, मुलाच्या कामाची फाइल ठेवावी लागते आणि दरवर्षी मूल्यमापन करून घ्यावे लागते.

आईवडिलांना टेक्सास सोयीचे वाटणे साहजिक आहे. पण उद्या मूल म्हणाले, 'मला शाळेत जायचंय', तर ते आजवर काय शिकले हे दाखवायला कागद लागतो. म्हणून कायदा मागो वा न मागो, फाइल ठेवावीच, असे माझे मत आहे. वाचलेली पुस्तके, सोडवलेली गणिते, लिहिलेले निबंध, प्रत्येकावर तारीख. एवढे पुरते.