केबल ग्रामपंचायतीत, गाव अजून दूर

गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या गावांसाठी टॉवर आणि ऑप्टिकल फायबरवर हजारो कोटी खर्च होणार अशी बातमी आली, की शहरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमच्या कराचा पैसा, आणि तो रील बघण्यात जाणार.’ हे वाक्य बोलणारी माणसे वाईट नसतात. पण त्यांच्या माहितीत गफलत आहे, आणि तिची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते.

आधी पैशाचे पाहू. यातला मोठा भाग आयकरातून येत नाही. दूरसंचार कंपन्यांना आपल्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेसाठी द्यावी लागते. 1 एप्रिल 2002 पासून त्यासाठी स्वतंत्र निधी आहे. 2003 च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. कंपन्या ही रक्कम शेवटी ग्राहकांकडूनच वसूल करतात. म्हणजे पुण्यातला रिचार्ज जसा यात भर घालतो, तसा रेंजसाठी टेकडी चढणाऱ्या धडगावच्या माणसाचा रिचार्जही घालतो. त्याला मिळणारी सुविधा ही भीक नव्हे. उलट तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. हा पैसा आधी देशाच्या संचित निधीत जमा होतो आणि संसदेच्या मंजुरीने पुढे सरकतो. जमा झालेली सगळी रक्कम या कामाकडे वळती होत नाही, हे ‘कॅग’ने दाखवून दिलेले आहे.

‘कंपन्या पोहोचतीलच की हळूहळू,’ हा दुसरा समज. तीनशे वस्तीच्या पाड्यासाठी टॉवर उभारायलाही तेवढेच लोखंड, तेवढीच यंत्रे लागतात. वर जंगलाची परवानगी, कच्चा रस्ता आणि डिझेलचा खर्च असतो, आणि रिचार्ज करणारे मोजके. हा हिशेब कोणत्याही कंपनीला जमत नाही, म्हणून तूट अनुदानाने भरून काढावी लागते. नोव्हेंबर 2021 मध्ये पाच राज्यांच्या 44 आकांक्षित जिल्ह्यांतल्या 7,287 गावांसाठी 6,466 कोटींची 4जी योजना मंजूर झाली. त्यात महाराष्ट्रही होता. या रकमेत टॉवर उभारण्याबरोबर पाच वर्षे तो चालवण्याचा खर्चही धरलेला होता. जुलै 2022 मध्ये देशातल्या आणखी 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर झाले.

रीलबद्दल फार बोलण्याची गरज नाही. शहरातही लोक तेच बघतात. दुर्गम भागात मात्र रेंज नसण्याचा फटका थेट पोटाला बसतो. रेशन दुकानातल्या यंत्राला अंगठा जुळवायला नेटवर्क लागते. वैयक्तिक लाभाची कामे वगळता रोजगार हमीवरची हजेरी 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवर नोंदवावी लागते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीशिवाय होत नाही. सरकारनेच सगळे हक्क ऑनलाइन नेले, तर तिथवर जाण्याची वाटही सरकारनेच करून द्यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

‘आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे’ हेही अर्धसत्य आहे. घरात एक फोन असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या 48.7 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 24.6 टक्केच होते. केंद्राच्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात मार्च 2024 पर्यंत सहा कोटींहून अधिक लोक शिकले. पण नियम घरटी एका व्यक्तीचा होता. ती एक व्यक्ती घरातली सून असेल, याची हमी त्या नियमात कुठेच नव्हती.

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज मात्र सरकारी आकडेवारीतूनच आलेला आहे : ग्रामपंचायत जोडली म्हणजे गाव जोडले. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या प्रकल्पाने दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत जोडणी नेली. काम प्रचंड आहे, त्याचे मोल कमी करू नये. पण ‘सेवेस सज्ज’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की कार्यालयातल्या यंत्रापर्यंत केबल आली. तिथली वीज गेली की यंत्र बंद. कार्यालयाला कुलूप असले तरी तीच गत. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासूनची बरीचशी जोडणी एकेरी आणि बीएसएनएलच्या जुन्या केबलवर विसंबलेली होती. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका जागी ती तोडली की पुढच्या ग्रामपंचायती बंद पडतात, कारण सिग्नलला दुसरी वाटच नसते. शिवाय गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावे आणि डोंगरभर विखुरलेले पाडे असतात. यादीत टिकमार्क एक पडतो, आणि पाड्यावरच्या मुलाला कार्यालयापर्यंत डोंगर उतरून यावे लागते.

ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेला 1,39,579 कोटींचा सुधारित कार्यक्रम याच उणिवांवर बोट ठेवतो. त्यात ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्यात जोडायच्या आहेत. एका बाजूने केबल तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी, यासाठी. दहा वर्षांची देखभाल करारातच बांधलेली आहे. ग्रामीण घरांसाठी दीड कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट आहे आणि त्या देण्याचे काम स्थानिक उद्योजकांकडे सोपवायचे आहे. ग्रामपंचायतीचे मुख्यालय नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांचीही तरतूद आहे, मात्र त्यांना जोडणी ‘मागणीनुसार’ मिळायची आहे. ज्या पाड्यावरून मागणी नोंदवायलाच रेंज नाही, त्याच्या वतीने ती ग्रामसेवकाने, शिक्षकाने किंवा आशाताईने तालुक्याला नेऊन द्यावी लागेल.