रिंग वर, भानगड खाली

अंगणात बास्केटबॉलची रिंग लावायची ठरली की घरात चर्चा सुरू होते ती बोर्डाची. अ‍ॅक्रिलिकचा घ्यायचा की टफन्ड काचेचा, खांब चौकोनी की गोल, निळा की काळा. बीदर-कलबुर्गी पट्ट्यात मात्र चौकशी जमिनीपासून करावी. शंभर-सव्वाशे किलोमीटरांत इथली जमीन तीन तऱ्हा दाखवते, आणि खांब सरळ राहणार की कलणार हे बोर्डाच्या किमतीवर नाही, त्या जमिनीवर ठरतं.

वरची मापं जगभर एकच. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे दहा फुटांवर. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या गॅलरीला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या. ती गॅलरी दहा फूट उंच होती, म्हणून रिंगही आजतागायत तिथंच आहे. रिंगचा आतला व्यास 45 सेंटिमीटर. बोर्ड 1.80 मीटर रुंद, 1.05 मीटर उंच. बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर असते. त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर उंची कमी-जास्त करता येणारा खांब घेणं शहाणपणाचं.

आता त्या खांबावर काय काय येतं ते बघा. खेळणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून बोर्ड खांबापासून दोन ते चार फूट पुढे काढलेला असतो, रिंग त्याच्याही पुढे. साठ किलोचा मुलगा चेंडू टाकून रिंगला लोंबकळला की त्याचं वजन खांबाच्या चार-पाच फूट बाहेरून खांबाला पुढे ओढतं. वळिवाच्या वाऱ्यात तोच बोर्ड वीस चौरस फुटांचं शीड होतो. हा सगळा ताण शेवटी पायातल्या काँक्रीटवर येतो.

साधारण दोन फूट लांब-रुंद आणि चार फूट खोल खड्डा धरला, तर 1:1.5:3 च्या मिश्रणाला चारेक पोती सिमेंट लागतं आणि सुमारे अकरा क्विंटलांचा ठोकळा तयार होतो. खांब थेट काँक्रीटमध्ये गाडण्याऐवजी सळयांच्या जाळीला बांधलेले अँकर बोल्ट वर काढून ठेवावेत. बोल्ट हलू नयेत म्हणून वेल्डिंगवाल्याकडून खांबाच्या बैठकीच्याच मापाची, तशीच भोकं पाडलेली पट्टी करून घ्यावी आणि काँक्रीट ओलं असतानाच पाणसळ लावून बघावी. इथं एक अंशाची चूक झाली तर दहा फुटांवर रिंग पाच सेंटिमीटर सरकते. पुढं घर बदललं तर नट काढून खांब नेता येतो, हा वेगळा फायदा.

बीदर आणि हुमनाबादच्या पठारावर जांभा आहे. तिथं मजुरी जास्त जाते, काळजी कमी. टिकाव-पहारीनं खणलेल्या खड्ड्याच्या कडा उभ्या राहतात, माती फुगत नाही. याच जांभ्यात बहमनी काळात नौबादची करेज, म्हणजे पाण्याचा भूमिगत बोगदा, कोरली गेली. हवा-उजेडासाठी ठेवलेले तिचे झरोके अजून दिसतात.

खरी कसोटी आळंद, अफजलपूर, जेवर्गीच्या काळ्या रानात. तुरीला लाभलेली ही माती बांधकामाची वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. वैशाखात ठोकळ्याच्या चारी बाजूंनी बोटभर फट पडते, आधार सुटतो, खांब डुलायला लागतो. पावसाळ्यात तीच माती ठोकळा वर ढकलते. एका बाजूला फुलझाडांचं आळं किंवा गळका नळ असेल तर फुगणंही एकाच बाजूला होतं आणि खांब दुसरीकडे झुकतो. थंड देशांतली माहितीपत्रकं जमीन गोठण्याच्या थराखाली खणायला सांगतात. इथं गोठत काही नाही, पण ढकलण्याची रीत तीच.

म्हणून चार फुटांचा हिशेब इथं विसरावा आणि मुरूम लागेपर्यंत खाली जावं. मुरूम फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी विकसित केलेला, बुडाशी फुगीर असा पाइल करतात. त्याची फुगीर बाजू दांड्याच्या साधारण अडीचपट असते आणि खोली अनेकदा साडेतीन मीटर धरली जाते. एका रिंगसाठी हा खर्च जड वाटेल, पण घराचे पाइल चालू असतील तर त्याच मशीनकडून एक जास्त मारून घ्यावा. खणलेली काळी माती परत भरू नये, भोवती मुरूम ठोकावा. गवंडी उरलेलं काँक्रीट खड्ड्याच्या तोंडाशी पसरून देतो. ती कड दिसायला छान, पण फुगणारी माती नेमकी तिलाच धरून ठोकळा उचलते.

शहाबाद, चित्तापूर, सेडमकडे चुनखडक कमी खोलीवर लागतो. पहार वाजली की लोक खूश होतात आणि वरच्याच थरात बोल्ट ठोकून मोकळे होतात. हा दगड थरांचा आहे, त्याच्या फरश्या निघतात त्या याच गुणामुळे. वरचा सुटा थर खांबासकट उचकटू शकतो, तेव्हा तो फोडून खालच्या अखंड दगडापर्यंत जावं.

अंगणात शहाबादी फरशी असेल तर आधी चेंडू आपटून बघावा. खाली पोकळी असलेल्या फरशीवर तो मरतो. पावसात तर तिच्यावर पाय घसरतोच.

बोर्ड शक्यतो अंगणाच्या उत्तरेला लावावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत येत नाही. त्याच्या समोर 4.6 मीटरवर फ्री थ्रोची रेघ येईल एवढी जागा हवी. वर घराकडे येणारी विजेची तार आणि खाली बोअरची केबल कुठून गेली आहे, हे खणण्याआधीच बघून घ्यावं. कलबुर्गीच्या उन्हात काँक्रीट झपाट्यानं सुकतं, म्हणून ओली गोणपाटं टाकून किमान आठवडाभर पाणी मारावं. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात. तेवढे दिवस पोरांना आवरणं हे गवंड्याच्या नाही, घरच्यांच्याच हातात आहे.