पाच बटणांची गिटार: घ्यावी की नको?

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात तालाशी ओळख होते ती बहुधा भजनात. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशाचा, पण इथली बोली आणि तुकडोजी महाराजांची खंजेरी विदर्भाची. अशा घरातल्या पोराने प्लास्टिकच्या गिटारीचा व्हिडिओ गेम मागितला, तर आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला: यातून वाजवायला येईल का?

या गेमचा मूळ साचा जपानी. कोनामी कंपनीचा ‘गिटारफ्रीक्स’ गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या गेम पार्लरमध्ये आला. 2005 मध्ये अमेरिकेतल्या हार्मोनिक्सने बनवलेला ‘गिटार हिरो’ रेडऑक्टेनने प्लेस्टेशन 2 साठी विकायला काढला आणि ती गिटार घराघरांत शिरली. 2007 मध्ये हार्मोनिक्सनेच ‘रॉक बँड’ आणला. त्यात गिटारीच्या जोडीला ड्रम आणि माइक आले, आणि दिवाणखान्यात चौघांचा ताफा उभा राहिला. पुढे दरवर्षी नवे भाग, नवी खोकी निघत राहिली, लोक कंटाळले. तोवर गिटार हिरोची मालकी असलेल्या अ‍ॅक्टिव्हिजनने 2011 मध्ये त्याचा विभागच बंद केला.

गिटारीला तारा नाहीत. मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे, केशरी अशी पाच बटणे आणि तारा छेडण्याच्या जागी एक पट्टी. पडद्यावरून त्याच रंगांचे ठिपके खाली सरकत येतात. ठिपका रेषेवर आला की बटण दाबून पट्टी ओढायची. वेळ साधली तर गाण्यातली गिटार ऐकू येते, हुकली तर ती गप्प होते. चुका वाढल्या की गाणे मध्येच बंद पडते. थोडक्यात, वाजवणारा मूळ कलाकारच. आपण फक्त त्याचा आवाज चालू ठेवायचा.

म्हणून गिटारीपुरते उत्तर ‘नाही’ असेच आहे. तेच लाल बटण एका गाण्यात एक स्वर असते, दुसऱ्यात दुसराच. बोटांना खऱ्या गिटारीच्या मानेवरच्या पडद्यांची ओळख होत नाही. ड्रमचे तसे नाही. चार पॅड आणि एक पायपट्टी यांवर अवघड पातळीला जे वाजवावे लागते, ते खऱ्या ठेक्याच्या फार जवळचे असते. हातपाय वेगवेगळे चालवायची सवय लागते. माइकवर सूर मोजला जातो, सप्तक वरचे असो की खालचे. ज्याला खरी गिटारच शिकायची आहे, त्याच्यासाठी युबीसॉफ्टचा ‘रॉकस्मिथ’ (2011) होता. त्यात खरी इलेक्ट्रिक गिटारच केबलने जोडावी लागे.

आता खरेदीचे. जुना संच घेताना गिटारीपेक्षा तिचा छोटा यूएसबी रिसीव्हर आधी तपासावा. प्लेस्टेशन 3 च्या बिनतारी गिटारी आपल्याच जोडीच्या रिसीव्हरशिवाय चालत नाहीत. दुसरे, आजचे सपाट टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतात. तालाच्या खेळात तेवढा उशीरही नडतो, म्हणून सेटिंगमध्ये तो आधी जुळवून घ्यावा लागतो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. विभाग बंद झाल्यावरही 2015 मध्ये पुन्हा आलेल्या ‘गिटार हिरो लाइव्ह’ची बहुतेक गाणी कंपनीच्या सर्व्हरवरून येत. डिसेंबर 2018 मध्ये सर्व्हर बंद झाला आणि घेणाऱ्याच्या हाती डिस्कवरची 42 गाणी उरली. खंजेरीचे कातडे फाटले तर नवे मढवता येते. बंद सर्व्हरवर मात्र ग्राहकाचा काही इलाज चालत नाही.

त्यामुळे आधी फुकटात चाखून पाहावे. ‘क्लोन हिरो’ हा मोफत गेम साध्या लॅपटॉपवर कीबोर्डनेही खेळता येतो. शिवाय आपल्याकडच्या कुठल्याही गाण्याचे ठिपके त्यासाठी स्वतः मांडता येतात. एखाद्या भजनाचा ठेका असा मांडायला बसलेल्या पोराला मात्रा मोजाव्या लागतील, सम शोधावी लागेल. तयार गाणी खेळून होणार नाही एवढी तालाची समज त्यातून येईल.

महिनाभराने त्याची आवड टिकली आणि घरात सोबत खेळणारे दोघेतिघे असले, तर ड्रमसकट जुना संच घ्यायला हरकत नाही. एकट्यासाठी नुसती प्लास्टिकची गिटार घेऊ नये. आणि पोराला खरोखर वाजवायचेच असेल, तर पैसे खऱ्या वाद्यावर घालावेत आणि त्याला भजनाला पाठवावे. तिथे ठेका चुकला तरी गाणे थांबत नाही, शेजारचा सांभाळून घेतो. शिकणाऱ्याला ही सवलत कोणत्याही गेमपेक्षा जास्त उपयोगी पडते.