मुक्त प्रणालीतला बंद तुकडा

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकण्याचे सल्ले सुरू झाले. सल्ला योग्यच आहे. पण इन्स्टॉल करताना वाय-फाय चालेल की नाही, हे बऱ्याचदा फर्मवेअरवर ठरते.

वाय-फाय चिप, ग्राफिक्स कार्ड यांच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर असतो. त्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. ते कंपन्या बहुधा बायनरी रूपातच देतात, सोर्स कोड देत नाहीत. खुला ड्रायव्हर ती बंद फाइल चिपमध्ये चढवतो, तेव्हा कुठे चिप कामाला लागते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला जागून डेबियन या लिनक्स प्रणालीने अशा फाइली अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवल्या होत्या. परिणामी वाय-फायसाठी फर्मवेअर हवे आणि ते उतरवायला इंटरनेट हवे, असा पेच पडे. फर्मवेअरसह इन्स्टॉलरची अनधिकृत इमेज मिळत असे, पण नवख्याला ती सापडणे कठीण.

डेबियनच्या इमेज तयार करणाऱ्या स्टीव्ह मॅकइन्टायर यांनी २०२२मध्ये हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यांचा सर्वांत भिडणारा मुद्दा दृष्टिहीनांचा होता. दृष्टिहीन व्यक्ती इन्स्टॉलरच्या पायऱ्या ऐकत पुढे जाते आणि कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये आवाजासाठीसुद्धा फर्मवेअर लागते. ते नसेल तर संगणक मुका राहतो आणि मदतीला दुसऱ्या कुणाला तरी बोलवावे लागते. ज्या स्वातंत्र्यासाठी आधी परावलंबी व्हावे लागते, ते त्या माणसाच्या काय कामाचे?

डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून आपला सामाजिक करार, म्हणजे प्रकल्पाची तत्त्वे सांगणारा दस्तऐवजच बदलला. जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून इन्स्टॉलर गरजेचे फर्मवेअर स्वतः बसवतो, काय बसवले ते सांगतो आणि नको असेल त्याला ते बंदही करता येते.

मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला ही तडजोड मान्य नाही. मात्र दुय्यम चिपमध्ये कारखान्यातच कायमचे कोरलेले बंद फर्मवेअर त्यांच्या हार्डवेअर-प्रमाणपत्राला चालते. हा भेद पटत नाही. डिस्कवरची फाइल निदान दिसते, बदलता येते. कोरलेल्या फर्मवेअरमधली सुरक्षेची चूक मात्र तशीच राहते. २०१८मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघडकीस आल्यावर इंटेलच्या प्रोसेसरना संरक्षण मिळाले, त्यात बंद मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरच्या, अद्यतनांचा मोठा वाटा होता.

फाइल बदलण्यातला खरा अडसर डिजिटल सहीचा आहे: कंपनीची सही नसलेले फर्मवेअर चिप स्वीकारत नाही. २०१४च्या सुमारास एनव्हिडियाने आपल्या कार्डांत सही केलेल्या फर्मवेअरची अट घातली आणि नूवो या खुल्या ड्रायव्हरला त्या कार्डांचा वेग वाढवणेच अशक्य झाले. २०२२मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला. पण बरेचसे काम तोवर कार्डावरच्या बंद फर्मवेअरकडे गेले होते.

म्हणूनच फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलेला लिब्रेफोन प्रकल्प स्वागतार्ह आहे. फोनमधल्या बंद फाइली नेमके काय करतात हे उलगडून त्यांना मुक्त पर्याय उभे करण्याचे हे काम रॉब सावोय यांच्याकडे आहे.