सही कोणाची? मालकाचा अधिकार आणि माणसांची बांधणी

लहान कारखाना किंवा पेढी दहा-बारा माणसांपर्यंत मालकाच्या नजरेखाली बिनबोभाट चालते. पुढे माल, उधारी, कामगार आणि कर यांचा पसारा वाढत जातो आणि प्रत्येक बारीकसारीक प्रश्नाला ‘साहेबांना विचारून सांगतो’ हे एकच उत्तर मिळू लागते, तेव्हा धंद्याची वाढ मालकाच्या दिवसातील तासांपाशी येऊन अडते. यावरच्या उपायाला व्यवस्थापनशास्त्रात अधिकारप्रदान म्हणतात. वरिष्ठाने एखादे काम, ते पार पाडण्यासाठी लागणारा निर्णयाचा अधिकार आणि त्याबद्दल जाब देण्याचे बंधन या तिन्ही गोष्टी एकत्रितपणे कनिष्ठाकडे सोपवणे, असा त्याचा अर्थ आहे. फ्रान्समधील खाणउद्योगात हयात घालवलेले आंरी फेयॉल यांनी 1916 मध्ये मांडलेल्या व्यवस्थापनाच्या तत्त्वांत अधिकार आणि जबाबदारी यांची सांगड घातली होती. प्रत्यक्षात पुष्कळ मालक काम देतात, जाबही विचारतात, पण मधला अधिकार मात्र स्वतःच्या खिशात ठेवतात.

मालकाची ओढाताण का होते, याचे एक गणिती स्पष्टीकरण व्ही. ए. ग्रेकुनास या सल्लागाराने 1933 मध्ये दिले. हाताखाली चार माणसे असली की मालकाचे त्यांच्याशी, त्यांचे आपापसांत आणि त्यांच्या गटांशी मिळून 44 संबंध संभवतात, पाच असल्यास ते 100 होतात आणि सहावा माणूस येताच 222 वर जातात. हे आकडे शब्दशः घेण्याचे कारण नाही, कारण यातले सगळेच संबंध रोज डोके वर काढत नाहीत. तरीही माणसे बेरजेने वाढली तरी गुंता त्याहून किती तरी वेगाने वाढतो, एवढे त्यावरून कळते.

अधिकार सोपवण्यापूर्वी तो पेलणारी माणसे हेरावी लागतात, आणि या बाबतीत किर्लोस्करवाडीचा इतिहास बोलका आहे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून पुढे लोखंडी नांगराकडे वळलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तिथली जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर माळरान आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले, आणि 1910 मध्ये तिथे कारखाना व वसाहत उभी राहू लागली. वसाहतीची आखणी आणि कारभार बंधू रामूअण्णांकडे, यंत्रांची बाजू शंभुराव जांभेकरांकडे आणि हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, अशी कामांची वाटणी झाली. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि के. के. कुलकर्णी यांनाही परीक्षांनी फारसा हात दिला नव्हता. पण पहिल्याकडे अभियंत्याची कल्पकता होती आणि दुसऱ्याकडे माणसे सांभाळण्याची हातोटी. दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांकडे वसाहतीचा पहारा सोपवण्यापर्यंत हा विश्वास गेला होता. निवड करताना प्रमाणपत्रापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले गेले, हे तर उघडच आहे; त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येकाकडे एक सलग क्षेत्र आले, तुकड्यातुकड्याने हुकूम आले नाहीत. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक आले, आणि नांगर विकण्याच्या खटाटोपातून जन्मलेल्या त्या पत्रकाचे पुढे मराठीतील नामांकित मासिक झाले, ते अशा मोकळिकीमुळेच; कारखान्याच्या पत्रकाने नांगरापलीकडे बोलू नये, असा दंडक मालकाने घातला असता तर ते शक्य नव्हते.

अर्थात या उदाहरणाचे गोडवे गाताना एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. माणूस पारखण्याची लक्ष्मणरावांची नजर ही त्यांची स्वतःची होती, ती दुसऱ्या मालकाला उसनी घेता येत नाही. ज्याच्यापाशी ती नाही, त्याला लेखी मर्यादांचा आधार घ्यावा लागतो. समजा, यंत्रशाळेत सकाळी लेथचे बेअरिंग गेले, मालक कर सल्लागाराकडे बसलेला आहे, त्याचा फोन लागत नाही, आणि काही हजारांच्या खरेदीसाठी यंत्र दिवसभर उभे राहते. इथे फोरमनला दुरुस्तीच्या खरेदीपुरती रकमेची कमाल मर्यादा, दोन ठरलेले पुरवठादार आणि त्याच दिवशी बिल हिशेबनिसाकडे देण्याची अट, एवढे एका कागदावर लिहून दिले तरी प्रश्न बहुतांशी सुटतो. याउलट परगावी जाताना कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते कपाटात ठेवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्यात अधिकाराला ना रकमेची सीमा असते, ना कारणाची. सही करून स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या धनादेशावर रक्कम दुसऱ्याने भरली, एवढ्यावरून सही करणाऱ्याची जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. बँकेत दोन सह्यांची व्यवस्था करणे किंवा ऑनलाइन व्यवहारात एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची अशी रचना लावणे, हा त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा मार्ग होय. घातलेली मर्यादा बाहेरच्यांनाही ठाऊक असावी लागते. हाताखालच्या माणसाला पूर्ण अधिकार आहे असा समज मालकाच्या वागण्यामुळे पुरवठादाराचा झाला असेल, तर भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार त्या व्यवहाराला मालक बांधला जातो.

कागद तयार झाला तरी जुनी सवय लगेच सुटत नाही, आणि ती दोन्ही बाजूंची असते. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी 1974 मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या लेखात प्रश्नाला खांद्यावरच्या माकडाची उपमा दिली आहे: ‘जरा एक अडचण आहे’ असे म्हणत हाताखालचा माणूस येतो, ‘बघतो मी’ असे वरिष्ठ म्हणतो, आणि माकड त्या क्षणी वरिष्ठाच्या खांद्यावर जाऊन बसते. आपल्याकडे मालकालाच अशी माकडे गोळा करण्यात मोठेपण वाटते, हा भाग त्या लेखकांना बहुधा इतक्या तीव्रतेने दिसला नसावा. अडचण घेऊन येणाऱ्याने स्वतःला सुचणारा मार्गही सोबत आणावा, एवढी एक अट सातत्याने पाळली तरी निम्मी माकडे परत जातात. पण त्या मार्गाने झालेली पहिली चूक मालकाने चारचौघांत उगाळली, तर तो माणूस पुन्हा विचारल्याशिवाय खिळाही विकत घेत नाही.

काय सोपवायचे नाही, हेही ठरलेले असावे. कंपनी अधिनियम, 2013 मधील कलम 179 नुसार कर्ज उभारणे, निधी गुंतवणे आणि कर्ज देणे हे अधिकार संचालक मंडळाला ठराव करून समितीकडे किंवा व्यवस्थापकीय संचालकाकडे देता येतात, मात्र रोखे विक्रीस काढणे किंवा आर्थिक विवरणांना मान्यता देणे मंडळाने स्वतःच करावे लागते. एकल मालकीच्या धंद्याला असे कोणतेही मंडळ नसते, त्यामुळे ही यादी मालकाला स्वतःच करावी लागते; शिवाय विश्वासू व्यवस्थापकाच्या नावे दिलेले मुखत्यारपत्र मालकाच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारणपणे संपुष्टात येते आणि पगाराच्या तारखेला बँकेचे खातेही हाती राहत नाही. म्हणूनच माणसे तयार झाल्यावर पुष्कळ मालक पुढची पायरी म्हणून खासगी मर्यादित कंपनीकडे वळतात, कारण कंपनीचे अस्तित्व मालकाच्या आयुष्याशी बांधलेले नसते आणि तिच्या वतीने सही करण्याचा अधिकार मंडळाच्या ठरावातून चालू राहतो.